पालकांचे समाधान झाले

माझ्या वहिनीला भांडता येत नाही. लग्न होऊन घरात आली तेव्हा मला वाटलं, नवी आहे, रुळली की येईल आवाज वर. कसलं काय. मी मुद्दाम खोड्या काढून पाहिल्या. तिच्या चहाला नावं ठेवली, तिची नवी चप्पल न विचारता घालून गेले. चहाबद्दल म्हणाली, "हो ना, मलाही आज जरा पाणचटच लागला." चपलेबद्दल म्हणाली, "तुझ्याच पायात छान दिसते, ठेव तुला." अशा बाईशी नणंदेने भांडायचं तरी कसं? माझी हौस राहूनच गेली.

दादाने तिचं नाव ठेवलं होनाबाई, आणि बघता बघता सगळ्या गल्लीने ते उचललं.

होनाबाईचं पार्लर आहे. घराची पुढची खोली, दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, मान टेकवायला खाच असलेलं बेसिन आणि एक ड्रायर, जो चालू झाला की शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येत नाही. हे काम ती तिच्या मावशीकडे शिकली. मावशीने कात्री हातात द्यायच्या आधी तिला एकच गोष्ट शिकवली होती: खुर्चीत बसलेल्या बाईला नाही म्हणायचं नाही. केस ओले, तोंड उघडं, गळ्याभोवती कापड, तुझ्या हातात धारदार वस्तू. अशा वेळी तिला हुज्जत नको असते. केस कसे कापायचे ते तुझं तू ठरव, पण ती जे बोलेल त्याला हो म्हण.

वहिनीने हे इतकं मनावर घेतलं की सून येऊन सासूचं गाऱ्हाणं सांगायची, वहिनी म्हणायची हो ना. तासाभराने तीच सासू येऊन सुनेचं गाऱ्हाणं सांगायची, हिचं तेच. मान तर अशी हलायची की फोनवर बोलतानाही थांबत नसे. बायका केस कापायला कमी आणि ते 'हो ना' ऐकायला जास्त येत. घरी नवरा ऐकत नाही, ऑफिसात साहेब ऐकत नाही, इथे निदान कोणीतरी म्हणतं की तुझं बरोबर आहे. मी सुटीच्या दिवशी तिच्या हाताखाली मदत करायचे आणि आरशातून हे नाटक बघून हसायचे. आता मला हसू येत नाही. त्या हलणाऱ्या मानेचा शाळा चालवणाऱ्यांनी कसा फायदा घेतला ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

वहिनीची मुलगी पहिलीत आहे. गोल, बुटकी, शर्टाच्या गुंडीएवढी, म्हणून मी तिला गुंडी म्हणते. गुंडीला बसमध्ये मळमळतं. वहिनीने तिला सांगून ठेवलं होतं, मागचा बाक रिकामा असतो, तिथे खिडकीशी बसायचं, डोळे मिटून पडून राहायचं, शाळा आली की ताई उठवतील. बसमध्ये एक ताई असायच्या. मुलांना चढवायचं, उतरवायचं, शेवटी सगळ्या बाकांखाली वाकून बघायचं, हे त्यांचं काम. पूर्वी सगळ्या बसमध्ये असायच्या. मग शिक्षण मंडळाने सुटीत एका बैठकीत ठरवलं की या बायकांची गरज नाही, ड्रायव्हरच बघेल. घरी कोणी कळवलं नाही. सुटीनंतर पहिल्याच दिवशी गुंडी नेहमीसारखी मागे जाऊन बसली.

त्या दिवशी ड्रायव्हरला एका शाळेची मुलं उतरवून लगेच दुसरीकडे जायचं होतं. त्याने पुढून हाक दिली, "चला, उतरा," मुलं उतरली, तो निघाला. दुसरी फेरी मोठ्या मुलांची. ती पुढे दाटीवाटीने बसली, मागे कोणी बघितलं नाही. मग बस पत्र्याच्या कुंपणाआड उन्हात उभी केली, दारं लावली, काचा बंद. वर्गात बाईंनी गुंडीच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. घरी फोन करून विचारायची पद्धत पूर्वी होती, तीही बंद केलेली. दुपारी बस धुणारा माणूस बादली घेऊन चढला तेव्हा त्याला ती दोन बाकांच्या मध्ये पडलेली दिसली.

मी दवाखान्यात रिसेप्शनला असते. तो माणूस तिला कडेवर घेऊन धावत आला तो माझ्याच काउंटरसमोर. मी सवयीने विचारलं, पेशंटचं नाव? मग चेहरा बघितला. तोंड लालबुंद, ओठ फुटलेले, एका पायात बूट नाही.  आत नेल्यावर बाहेर उभं राहून मला एवढंच वाटत होतं की कोणाचा तरी गळा धरावा, पण कोणाचा ते कळत नव्हतं.

ती वाचली. डॉक्टरांनी सांगितलं, अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. हे वाक्य मी कामावर शेकडो वेळा ऐकलंय. आपल्या माणसाबद्दल ऐकलं की ते वेगळंच ऐकू येतं.

गुंडी अजून दवाखान्यात होती तेव्हाच मंडळाच्या ऑफिसातून वहिनीला बोलावणं आलं. फक्त आईवडिलांनी यावं. दादा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असतो, पण त्याने रजा टाकली होती आणि गुंडी त्याचा हात सोडत नव्हती. मी निघाले तर म्हणाले आत्या चालणार नाही. म्हणजे वहिनी एकटी गेली.

तिथे होते मंडळाचे अध्यक्ष, मंडळाच्या मुख्य अधिकारी मॅडम आणि कोपऱ्यात लिहून घेणारा एक माणूस. मॅडम वहिनीच्या गिऱ्हाईक. महिन्याला केस रंगवायला यायच्या, मुळं पांढरी दिसायला लागली की लगेच. त्यांनी वहिनीला मऊ सोफ्यावर बसवलं, चहा मागवला, तिच्या हातावर हात ठेवला.

"असं व्हायला नको होतं," मॅडम म्हणाल्या.

"हो ना," वहिनी म्हणाली.

"ड्रायव्हरने फार निष्काळजीपणा केला. त्याला लगेच घरी बसवलंय."

"हो ना."

"एवढ्या बसेस, एवढी मुलं. एखादी चूक होते. तुम्ही समजून घ्याल."

वहिनीने मान हलवली. रात्रंदिवस जागी होती, पोरगी वाचली एवढंच डोक्यात होतं, आणि समोर गिऱ्हाईक बोलत होतं. कोपऱ्यातल्या माणसाने लिहून घेतलं. बाहेर येऊन मला म्हणाली, "मॅडम फार चांगलं बोलल्या गं." मी तेव्हाच कपाळावर हात मारून घ्यायला हवा होता.

पुढच्या महिन्यात मंडळाची खुली बैठक होती. दर महिन्याला असते. तिथे पालक येऊन बोलू शकतात, पण थोडीच मिनिटं. मग टेबलावरची घंटा वाजते आणि अध्यक्ष म्हणतात, "नोंद घेतली." उत्तर द्यायचं नाही अशी तिथली रीतच आहे. तुम्ही गळा काढून रडा, ओरडा, हात जोडा, नोंद घेतली. पुढचे.

आम्ही मागे बसलो होतो. आमच्या गल्लीतला बेकरीवाला उठला. त्याची दोन मुलं त्याच बसने जातात. हा माणूस पहाटेपासून भट्टीसमोर असतो, त्यामुळे स्वभावही तसाच. त्याने विचारलं, "बसमधल्या ताई कोणी काढल्या? त्या मुलीच्या घरच्यांना तुम्ही काय उत्तर दिलं?"

त्या दिवशी मात्र अध्यक्षांनी रीत मोडली आणि उत्तर दिलं. म्हणाले, "त्या प्रकरणात पालकांशी चर्चा झालेली आहे. पालकांचे समाधान झाले आहे. प्रकरण बंद झालंय."

सगळ्या माना वळल्या. वहिनीकडे. बेकरीवालाही बघत राहिला, जणू तिने त्याला भर रस्त्यात उताणं पाडलं. वहिनी पांढरीफटक पडली. "मी असं कधी म्हणाले?" ती माझ्या कानात म्हणाली. मला कळलं ती कधी म्हणाली असेल. मान हलवून म्हणाली असेल.

त्यानंतर चौकशीचा अहवाल वाचून दाखवला. मॅडमनीच वाचला, स्पष्ट आवाजात, स्वल्पविरामावर थांबत. ड्रायव्हरने बस तपासली नाही. त्यानंतर हे वाक्य: विद्यार्थिनी झोपलेली असल्यामुळे तिने उतरण्याच्या सूचनेस प्रतिसाद दिला नाही. ताईंचं नाव नाही, फोन बंद केल्याचं नाव नाही. एक ड्रायव्हर आणि एक सहा वर्षांची मुलगी, एवढे दोनच जण त्यांना सापडले. बाकी सगळे स्वच्छ.

मी उठून बोलले, बरंच बोलले, त्यातलं इथे लिहिण्यासारखं थोडंच आहे. घंटा वाजली. अध्यक्ष म्हणाले, नोंद घेतली.

 घरी आल्यावर मी वहिनीला सोडलं नाही. म्हटलं, "मान हलवायची खोड तुझी, आणि खापर फुटलं पोरीच्या डोक्यावर." मला माहीत आहे, असं बोलायला नको होतं. दादा तर माझ्यावर डाफरलाच. पण राग कुठेतरी निघतोच, आणि तो घरातल्या माणसावर सगळ्यात आधी निघतो.

वहिनी खरी चिडली ती त्यानंतर आठवड्याने.

ड्रायव्हर घरी आला. वयस्कर माणूस, इतकी वर्षं हीच बस चालवत होता, मुलं त्याला काका म्हणायची. दारातच उभा राहिला, आत या म्हटलं तरी येईना. दादा मुठी आवळून उभा. मीही तयारीतच होते, याला चांगला फैलावर घ्यायचा असं ठरवलं होतं. आणि घ्यायलाच हवा होता, मागे वळून बघायला किती वेळ लागतो? पण त्याने तोंड उघडायच्या आधी गुंडी आतून आली. खाली मान घालून, हात मागे बांधून, शाळेत उभं करतात तशी उभी राहिली आणि म्हणाली, "सॉरी काका. मी झोपले म्हणून तुमची नोकरी गेली."

तो माणूस उंबऱ्यावरच खाली बसला.

"नाही गं बाळा," तो म्हणाला. "मी बघायला हवं होतं. तुझी नाही चूक, माझी आहे."

गुंडीने मान हलवली, पण नाही अशी. "ऑफिसातल्या मोठ्या लोकांनी वाचून दाखवलं," ती म्हणाली. "शाळेत सगळ्यांना माहितीये."

तेव्हा आम्हाला कळलं. वर्गातली पोरं तिला रोज सांगत होती, तू झोपलीस म्हणून काका गेले. कोणाच्या आईबापांनी घरी सांगितलं असेल, त्यांनी वर्गात आणलं. आणि म्हणूनच दवाखान्यातून आल्यापासून गुंडी झोपत नव्हती. आम्हाला वाटायचं भीती बसलीय. भीती नव्हती. ती स्वतःला शिक्षा करत होती. दुपारी डोळे मिटायला लागले की उठून नळाखाली तोंड धुवायची, हाताला चिमटे काढायची. दंडावर निळे डाग होते, आम्ही समजत होतो सुयांचे आहेत.

दादाने तिला समजावलं, मी समजावलं, ड्रायव्हरने तर हात जोडले. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पण त्यांनी वाचून दाखवलं ना." घरातली माणसं प्रेमाने खोटं बोलतात, ऑफिसातली माणसं माइकवर बोलतात म्हणजे खरं असणार, एवढा हिशेब तिने केला होता. आता तिला कोण सांगणार की उलटंच असतं?

वहिनी त्या दिवशी पार्लर बंद करून आतल्या खोलीत बसली. बाहेर आली तेव्हा मला म्हणाली, "मला ते वाक्य काढून हवंय. आणि ज्यांनी वाचलं त्यांनीच, तिथेच, सगळ्यांसमोर म्हणायला हवं की तिची चूक नव्हती. दुसरं काही नको मला."

"म्हणतील?" मी विचारलं.

"म्हणायला लावायचं," होनाबाई म्हणाली.

मग तिने गल्लीतल्या घराघरांत जायला सुरुवात केली. आधी बेकरीवाल्याकडे गेली आणि त्याला सांगितलं की मी मान हलवली, समाधान झालं नव्हतं. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर माझ्या बायकोपुढेही मान हलवता, मला आधीच समजायला हवं होतं." मग बाकीचे पालक. वर्षानुवर्षं ज्यांच्या केसांत हात घातले त्या बायका आता तिचं ऐकत होत्या. काही आल्या. काही म्हणाल्या, आमचं पोर त्याच शाळेत आहे गं, उद्या त्यालाच त्रास देतील. मी त्यांना भित्र्या म्हटलं. वहिनी म्हणाली, "हो ना, त्यांचंही खरंच आहे." काही खोडी जात नाहीत.

बैठकीच्या आधी मॅडम केस रंगवायला आल्या. मला वाटलं, काय जाड कातडं आहे या बाईचं. पण त्या काही उगाच आल्या नव्हत्या. खुर्चीत बसल्या, वहिनीने गळ्याभोवती कापड बांधलं, वाटीत रंग कालवला. मी टॉवेल घड्या करत बाजूला उभी.

"तुम्ही समजूतदार आहात," मॅडम आरशातून म्हणाल्या. "त्या बेकरीवाल्याच्या नादी लागू नका. त्याला निवडणूक लढवायची असेल."

"हो ना," वहिनी म्हणाली, आणि मला वाटलं हातातला टॉवेल तिच्या डोक्यात घालावा.

"मुलं विसरतात हो. आपण मोठी माणसंच धरून बसतो. अहवालात एक वाक्य आहे, त्यात खोटं काय आहे? झोपली होतीच ना ती?"

वहिनीचा ब्रश थांबला. खुर्चीतल्या बाईला नाही म्हणायचं नाही, हे तिला आयुष्यभर पाठ. मला आरशात तिचा चेहरा दिसत होता. तो मी कधी बघितला नव्हता.

"मी तिला झोपायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "उठवायला माणूस होतं म्हणून. तो माणूस तुम्ही काढलात. वाक्य खोटं आहे, मॅडम."

मॅडमनी काहीतरी सुरू केलं, वहिनीने ऐकलं नाही. ती पुढचं काम करत राहिली, तोंडातून एक शब्द न काढता. उरलेली मुळं रंगवली, रंग चढेपर्यंत थांबली, धुतलं, वाळवलं, मागे आरसा धरून दाखवला. ज्या खोलीत बोलणं कधी थांबत नाही तिथे फक्त ड्रायर वाजत होता. मॅडम कापड काढायच्या आधीच उठल्या. वहिनीने ते त्यांच्या गळ्यातून सोडवलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी दुसरीकडे जा. माझ्याकडे येऊ नका."

त्या गेल्यावर मी वहिनीवर भडकले. "अर्धं डोकं रंगवून हाकलायचं होतंस. मॅडम बैठकीत झेब्र्यासारख्या बसल्या असत्या."

"मी काम अर्धं सोडत नाही," वहिनी म्हणाली. आणि रंगाची वाटी घासायला घेतली.

बैठकीच्या दिवशी संध्याकाळी हॉल भरला. मागे माणसं उभी. बेकरीवाल्याचं म्हणणं होतं, गुंडीला आणा, माइकसमोर उभी करा, एकदा त्या पोरीचा चेहरा बघितला की यांची बोलती बंद होईल. वहिनी म्हणाली, "नाही. ती इथे आली तर तिला वाटेल तिची चौकशी चाललीय." बेकरीवाला दोनदा सांगून बघून गप्प बसला. गुंडी दादाजवळ घरी राहिली.

वहिनीचा नंबर आला. माइकपाशी गेली तेव्हा पहिलं वाक्य कोणालाच ऐकू गेलं नाही. मग ती नीट बोलायला लागली. तिने आरडाओरडा केला नाही. आपल्या मुलीने काय केलं ते तिने सांगितलं. डोळे मिटले, कारण आईने सांगितलं होतं. मग मंडळाने काय केलं ते सांगितलं. ताई काढल्या. फोन बंद केले. बस उन्हात लावली. आणि त्याचं उत्तर म्हणून एका पहिलीतल्या मुलीचं झोपणं वाचून दाखवलं. "ती आता झोपत नाही," वहिनी म्हणाली. "स्वतःला चिमटे काढते. तुम्ही माइकवर बोललात म्हणून ते खरं आहे असं तिला वाटतं. ते वाक्य काढा, आणि याच माइकवरून सांगा की तिची चूक नव्हती."

घंटा वाजली. ती बोलत राहिली. पुन्हा घंटा वाजली. तेव्हा बेकरीवाला शांतपणे पुढे गेला, टेबलावरची घंटा उचलली, कोटाच्या खिशात टाकली आणि जागेवर येऊन बसला. हॉलमध्ये आधी कोणाला कळलंच नाही काय झालं, मग मागून हसण्याची लाट आली. अध्यक्ष म्हणाले, "हा कामकाजात अडथळा आहे." बेकरीवाला म्हणाला, "नोंद घ्या."

पण ते हसणं फार टिकलं नाही. बायका उभ्या राहायला लागल्या. आधी दोघी, मग एक रांग, मग बसलेले सगळे. जे येणार नाही म्हणाले होते त्यांतलेही काही होते. कोणी घोषणा दिली नाही. नुसते उभे. अध्यक्ष म्हणाले, बसून घ्या. कोणी बसलं नाही. मंडळाचा वकील त्यांच्या कानात बोलला, मॅडम त्यांच्या दुसऱ्या कानात बोलल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एवढी शिकली-सवरलेली माणसं, आणि एका लहान मुलीची चूक नव्हती हे म्हणायला त्यांना वकील लागत होता.

शेवटी अध्यक्ष माइकवर आले. "सदर वाक्य अहवालातून वगळण्यात येत आहे."

 वहिनी माइकपाशीच उभी होती. "आणि?" तिने विचारलं.

"वाक्य वगळलं आहे, बाई."

"चूक तिची नव्हती, हे म्हणा."

"तसं म्हटलं तर मग चूक कोणाची हा प्रश्न येतो," अध्यक्ष म्हणाले. तोंडातून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं काय बोलले ते. वकिलाने डोळे मिटले. अध्यक्षांनी घाईघाईने विचारलं, "वाक्य गेलं. आता समाधान झालं ना?"

"नाही झालं," वहिनी म्हणाली, आणि लिहून घेणाऱ्या माणसाकडे वळली. "नाही झालं असं लिहा. मी इथे उभी आहे, लिहा."

त्याने अध्यक्षांकडे बघितलं. मग लिहिलं. अध्यक्षांनी बैठक संपल्याचं जाहीर केलं आणि तिघंही मागच्या दाराने गेले. बाहेर लोक वहिनीला शाबासकी देत होते, जिंकलात म्हणत होते. काय जिंकलं? ताईंना परत घेणार का, हे कोणी सांगितलं नाही. अहवालात आता तिची चूक नाही आणि यांचीही नाही. उरला एकटा ड्रायव्हर.

आम्ही घरी आलो तेव्हा गुंडी दारातच उभी होती, दादा तिच्या मागे. डोळे तारवटलेले. चप्पल काढायच्या आत तिने विचारलं, "काय म्हणाले?"

वहिनी खाली बसली, तिच्या उंचीला आली.

"म्हणाले, तुझी चूक नव्हती."

मी वळून वहिनीकडे बघितलं.

"कोण म्हणालं?"

"सगळ्यात मोठे साहेब. त्यांनीच."

"माइकवर?"

"माइकवर. सगळ्यांसमोर."

"सॉरी म्हणाले?"

वहिनीने मान हलवली. "हो. तुला सांगा म्हणाले."

गुंडीने माझ्याकडे बघितलं. आत्या खोटं बोलत नाही, उलट नको तेवढं खरं बोलते, हे तिला माहीत आहे. मी म्हटलं, "हो गं. मी तिथेच होते."

 मग गुंडी आईच्या मांडीवर चढली, डोकं खांद्यावर टाकलं आणि वहिनी तिच्या पायातले मोजे काढेपर्यंत झोपून गेली. तोंड उघडं, हात लोंबकळत. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला रडूही आलं आणि असा संताप आला की काय सांगू. त्या माणसांची चूक निस्तरली कोणी, तर बस धुणाऱ्याने. माफी मागितली कोणी, तर ड्रायव्हरने. आणि त्यांच्या तोंडची माफीसुद्धा शेवटी वहिनीनेच मागितली, त्यांच्या वतीने, स्वतःच्या पोरीची.

"खोटं बोललीस," मी हळू आवाजात म्हटलं.

"हो ना," वहिनी म्हणाली. मुलगी जागी होऊ नये म्हणून ती अजिबात हलत नव्हती. "आता ते खरं करून घ्यायला हवं."

आम्ही पुढच्या महिन्याच्या बैठकीला गेलो. त्याच्या पुढच्याही. वहिनी माइकपाशी जाते, तेच एक वाक्य मागते आणि खाली बसते. अध्यक्ष म्हणतात नोंद घेतली. गुंडी आता अक्षरं जुळवून पाट्या वाचते, उद्या वर्तमानपत्र वाचेल, परवा त्या बैठकीत काय झालं ते कुठेतरी वाचेल. त्या दिवसाच्या आत त्यांच्यातल्या एकाने तरी ते म्हणायला हवं.